डबा घेऊन या

अनगोळात एका पिठाच्या गिरणीच्या वर आमच्या संस्थेचं ऑफिस आहे. चौदा पायऱ्यांचा लोखंडी जिना, वर दोन खोल्या, मध्ये प्लायवूडची अर्धी भिंत. सुरुवातीच्या काळात आमच्या फोनवर जो कोणी "यायचंय, पण कुणी बघितलं तर?" असं म्हणायचा, त्याला माझं एकच उत्तर असे: डबा घेऊन या. जोंधळा म्हणा, नाचणी म्हणा, घरात असेल ते दोन-तीन किलो डब्यात भरायचं आणि सरळ निघायचं. हातात दळणाचा डबा असलेल्या माणसाला आमच्या भागात कुणी थांबवून विचारत नाही. पिरनवाडीहून यायचे, खानापूरकडून यायचे. एक जण तर निपाणीहून बस बदलून नाचणी घेऊन यायचा. अनगोळच्या गिरणीत पीठ बारीक येतंय, असं त्यानं घरी सांगितलं होतं आणि घरच्यांना ते पटलंही होतं.

गिरणीवाले काका डब्यावर खडूनं खूण करायचे. माणूस वर चढून आला की त्याचा डबा ते जिन्याखाली सरकवायचे आणि सगळ्यात शेवटी दळायचे, म्हणजे त्याला वर बसायला वेळ मिळावा. हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. आमच्याकडं काय चालतं हे त्यांनीही मला कधी विचारलं नाही. घरून कुणी शोधत आलंच, तर काका चाळणी झटकत म्हणायचे, "दळण हाय, येळ लागणारच." शिवाय खाली गिरणी सुरू असली की वर माणसाला मनसोक्त रडता येतं. चांगल्या जागेचं ऑफिस असतं तर ही सोय झाली नसती.

मी समलिंगी आहे. हे वाक्य आता मी पोलिसांसमोर, कॉलेजच्या वर्गात, आमदाराच्या बंगल्यावर, कुठंही चहा मागावा तसं बोलतो. पेपरवाले येतात आणि मला विचारतात, या क्षेत्रातली तुमची सगळ्यात मोठी लढाई कोणती? त्यांना कोर्टाचं, कायद्याचं काहीतरी हवं असतं. मी त्यांना हवं ते देतो आणि वाटेला लावतो. खरी लढाई येळ्ळूरच्या एका शेतकऱ्याशी होती. ते माझे आप्पा.

आप्पांचं आयुष्य दोन गोष्टींत गेलं, शेत आणि सीमाप्रश्न. भाताची लावणी आणि मोर्चा एकाच दिवशी आला तर आमच्या घरात लावणी पुढं ढकलली जायची. त्यांनी लाठ्या खाल्ल्या, तुरुंग पाहिला, आणि त्याचं त्यांना कधी दुःख वाटलं नाही. लहानपणी मी त्यांच्या खांद्यावर बसून मोर्चाला जात असे. घोषणा पोटातून द्यायची, घशातून दिली की दुपारपर्यंत आवाज बसतो, हे त्यांनीच मला शिकवलं. आमची ओळख काय ते सरकारनं आम्हाला सांगायचं नाही, आम्ही सरकारला सांगायचं, हे वाक्य मी पाढ्यांच्या आधी शिकलो असेन.

त्यांच्या मंडळींचे दोन नियम होते. आपल्या भाषेतला माणूस पोलिसांनी अडवलेला दिसला की आधी त्याच्या शेजारी जाऊन बसायचं, कशासाठी ते मागून विचारायचं. हा पहिला. आणि एकदा बसल्यावर साहेबानं निवेदन हातात घेईपर्यंत उठायचं नाही, हा दुसरा. फार वर्षांपूर्वी एक जण ऊन सोसेना म्हणून मध्येच उठून गेला होता. गाव त्याला अजून 'उठ्या' म्हणतं. त्याच्या नातवालासुद्धा उठ्याचा नातू म्हणतात.

मी तेव्हा उद्यमबागेत एका कारखान्यात तपासनीस होतो. रोज सकाळी डबा बांधून बसनं जायचं, लोखंडाचे भाग मोजमापात बसतात का ते बघायचं आणि न बसणारे बाजूला टाकायचे. अनगोळला दिलेल्या माझ्या थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या मागं लागून आप्पांनी माझ्यासाठी मुलगी बघायला सुरुवात केली. आई मी कॉलेजात असतानाच गेली होती, त्यामुळं घरात बाईमाणूस पाहिजे, ही त्यांची निकड खरी होती. मुलगी बघायला जायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघं सोप्यात बटाटे निवडत बसलो होतो. मी सांगून टाकलं. आधी वर्षभर तोंडात घोळवलेली वाक्यं होती, त्यांतलं एकही आठवलं नाही. मला बायका नाहीत, पुरुष आवडतात, एवढं ओबडधोबड बोललो.

आप्पांनी हातातला बटाटा उलटसुलट करून बघितला आणि चांगल्या ढिगात टाकला.

"असलं आमच्या गावात नसतंय," ते म्हणाले.

"आप्पा, मी ह्याच गावचा हाय."

"मग गाव सोड."

चुलीवर आमटी होती. तिचा वास येत होता, आणि त्यांनी जेवायला बस म्हटलं नाही. आमच्या घरात भांडण कितीही होवो, ताट वाढलं जायचंच. त्या संध्याकाळी ते वाढलं गेलं नाही. मी उपाशी पोटी अनगोळला आक्काच्या घरी आलो आणि तिच्या दारात उभा राहून आधी भाकरी मागितली. पुढं संस्था सुरू झाल्यावर आईबापांना आम्ही जे शिकवतो त्यात पहिला धडा मी याच संध्याकाळवरून घेतला. का, कधीपासून, कुणी बिघडवलं, लोक काय म्हणतील, यातलं काही विचारू नका. पोरगं समोर आलं की एवढंच विचारा, जेवलास काय? बाकीचं त्याच्या मागून येतं.

गिरणीवरची खोली आक्कानं मिळवून दिली. कारखाना मी दोन वर्षांनी सोडला. कारण ज्यांचे फोन येत होते त्यांना रविवारची सुट्टी नव्हती. आप्पांना कळल्यावर त्यांनी आक्काकडून निरोप धाडला: तुझ्या त्या जिन्याची पायरी मी जन्मात चढणार न्हाय. माझाही संताप संताप झाला. मी उलट निरोप दिला, कोण बोलावतंय?

मनातून बोलावत तर मी रोज होतो. आप्पा महिन्याकाठी शेतावरचा जोंधळा घेऊन आक्काकडं यायचे, आणि आमची आक्का एक नंबरची बेरकी. ती त्यांच्याच हातात डबा देऊन म्हणायची, जरा दळून आणा आप्पा. म्हणजे यावं लागायचं आमच्याच गिरणीत. आप्पा डबा ठेवायचे, रस्ता ओलांडायचे आणि समोरच्या सायकल दुकानाच्या कडेला पाठ करून उभे राहायचे. दळण झालं की काका हाक मारायचे. मी खिडकीतून त्यांची पांढरी टोपी बघत असे. बारा वर्षं मी त्या टोपीची मागची बाजू बघितली. त्या बारा वर्षांत मी शेकडो बापांना त्यांच्या पोरांसमोर बसवलं, आणि माझा स्वतःचा बाप रस्त्यापलीकडून अलीकडं आणता येईना. याची मला लाज वाटे आणि रागही येई.

बाकी काम मात्र वाढतच गेलं. आम्हाला गुन्हेगार धरणारा कायदा बदलला त्या दिवशी गिरणीवाल्या काकांनी कुणाला काही न सांगता वर पेढे पाठवले, तेव्हा कळलं की ते सगळं ओळखून होते. खालून डब्याशिवाय माणसं येऊ लागली. निपाणीत दुसरं केंद्र काढायचं ठरलं आणि जागा कुणी देईना, तेव्हा विडी वळणाऱ्या बायकांनी आपल्या वस्तीतली खोली दिली. पहिल्या दिवशी मी त्यांच्यासमोर अर्धा तास भाषण केलं. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बोटं चाललेली आणि नजर माझ्यावर. भाषण संपल्यावर त्यातली एक म्हातारी म्हणाली, "तुला बाई नगं, बाप्या पायजे, एवढंच नव्हं?"

"व्हय."

"मग त्येला एवढा येळ कशाला घेतलास? आमच्या वळून पन्नास विड्या झाल्या."

बायका हसल्या आणि खोलीची किल्ली मला मिळाली. निपाणीच्या बायकांना संप, मोर्चे, साहेबाच्या दारात बसणं हे सगळं पाठ होतं. मोर्चा कसा काढायचा, पाणी कुणी आणायचं, पुढच्या रांगेत कुणी बसायचं, हे मी आप्पांकडून अर्धं शिकलो होतो, उरलेलं त्यांनी शिकवलं.

तर मोर्चाचं सांगतो. आमची मागणी साधी होती. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आमच्या लोकांना मोकळेपणानं बोलता येईल अशी एक खोली आणि तिथं बसणारं एक शहाणं माणूस. निवेदन द्यायला आम्ही डीसी ऑफिसवर, म्हणजे कलेक्टर कचेरीवर निघालो. फलक कानडीत होते, मराठीत होते. कानडी पोरापोरींच्या घोषणा एका बाजूनं आणि निपाणीच्या बायकांच्या मराठी घोषणा दुसऱ्या बाजूनं. बायका सुपं बरोबर घेऊन आल्या होत्या, कारण दिवस बुडवणं परवडत नव्हतं. फाटकाशी पोलिसांनी अडवलं. पाच जण आत या, बाकीचे इथंच थांबा, असं त्यांचं म्हणणं. साहेबांनी बाहेर येऊन सगळ्यांसमोर निवेदन घ्यावं, हे आमचं. मी हात वर केला आणि आम्ही रस्त्यावर बसकण मारली. बायकांनी मांडीवर सुपं घेतली.

त्याच वेळी शेजारच्या कोर्टातून पाच-सहा म्हातारे बाहेर पडले. कसल्याशा जुन्या आंदोलनाच्या खटल्याची तारीख होती आणि ती नेहमीसारखी पुढची मिळाली होती. चहाला म्हणून निघालेल्या त्या म्हाताऱ्यांच्या कानावर मराठी घोषणा पडल्या. समोर पोलीस दिसले, जमिनीवर बसलेली माणसं दिसली. त्यांनी एकमेकांना काही विचारलंसुद्धा नाही. रस्ता ओलांडला, चपला बाजूला काढल्या आणि आमच्या पहिल्या रांगेत येऊन मांडी घालून बसले. माझ्यापासून दोन माणसं सोडून एक पांढरी टोपी होती. यावेळी मला ती समोरून दिसत होती.

आप्पांनीही मला तेव्हाच बघितलं. 

नियमाप्रमाणं मागून विचारायची वेळ आता आली. त्यांच्या सोबत्यांपैकी एकानं, ज्यांना आम्ही लहानपणी तात्या म्हणायचो, माझ्याकडं वाकून विचारलं, "कशाचं हाय रं हे?"

खोटं बोलता आलं असतं. दवाखान्याची मागणी हाय तात्या, एवढंच म्हटलं असतं तरी खपलं असतं. पण इतकी वर्षं लोकांना धीर द्यायचा आणि आपली वेळ आली की पळवाट शोधायची, याचा मला मनापासून तिटकारा आहे. मी म्हणालो, "समलिंगी लोकांचं हाय. म्हणजे माझ्यासारख्यांचं. दवाखान्यात आम्हाला माणसासारखं बोलता यावं, म्हणून बसलोय."

तात्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांनी फलकाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, मग आप्पांकडं बघितलं. दुसऱ्या एका म्हाताऱ्यानं चपला चाचपायला सुरुवात केली. तात्या हात टेकून उठू लागले आणि म्हणाले, "चला गा, आपलं न्हवं हे."

आप्पा फाटकाकडं बघत होते. त्यांच्या जबड्याची हालचाल मला दिसत होती. ते उठले असते तर मी त्यांना दोष दिला नसता, असं मी पुढं पुष्कळदा लोकांना सांगितलं आहे. ते खोटं आहे. ते उठले असते तर मी त्यांना आयुष्यभर माफ केलं नसतं.

"बस खाली," आप्पा म्हणाले.

"आरं, पण..."

"बसलेला माणूस उठत न्हाय. उठ्या म्हणवून घ्याचं हाय काय ह्या वयात?"

तात्या बसले. चपला चाचपणाराही बसला. निपाणीच्या म्हातारीनं आपली पाण्याची बाटली आप्पांच्या पुढं सरकवली. आप्पांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, पाणी प्यायलं, टोपी परत घातली. आमच्या घोषणा एव्हाना मरगळल्या होत्या, माझाच आवाज बसला होता. आप्पांनी एकदा माझ्याकडं तिरक्या नजरेनं बघितलं, घशातून ओरडतंय बघा गाढव, अशी ती नजर होती, आणि मग त्यांनी स्वतः पहिली हाळी दिली.

"कोण म्हणतो देत न्हाय?"

त्यांचा तो पोटातला आवाज फाटकावर जाऊन आपटला. मागून आम्ही सगळे, कानडी पोरं, निपाणीच्या बायका, ओठ दाबून बसलेले तात्यासुद्धा, एका दमात ओरडलो, "घेतल्याशिवाय राहत न्हाय!" फौजदार माझ्याजवळ येऊन हळूच विचारून गेला, हे आप्पा तुमच्यातले केव्हापासून? मी म्हणालो, आजपासून.

दोन तास बसलो. अखेर साहेब बाहेर आले, सगळ्यांसमोर निवेदन घेतलं, वाचलं आणि खोलीचं काम याच महिन्यात बघतो म्हणाले. ती खोली आज आहे. तिथं आमचंच माणूस बसतं, आणि बाहेरच्या बाकावर क्वचितच जागा मिळते. त्या क्षणी लोकांनी मला खांद्यावर घेतलं, गुलाल कुणी आणला होता देव जाणे. खांद्यावरून मी टोपी शोधली. आप्पा चपला घालून, माझ्याशी एक शब्दही न बोलता बस स्टँडच्या दिशेनं गेले होते.

जिंकलो होतो आणि तरी जेवण जाईना. आक्काला म्हणालो, ते नियमासाठी बसले गं, माझ्यासाठी न्हाय. आक्का म्हणाली, तू गप जेव.

पुढच्या शनिवारी मी आतल्या खोलीत कागद बघत होतो. बाहेरच्या टेबलावर आमच्या टीचर होत्या. कानडी शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांची मुलगी आमच्यातली, म्हणून त्या नुकत्याच शनिवारी-शनिवारी येऊ लागल्या होत्या. मोर्चाच्या दिवशी त्या मुलीकडं बेंगळूरला होत्या, त्यामुळं त्यांनी आप्पांना कधी बघितलेलं नव्हतं. जिन्यावर पावलं वाजली, फार सावकाश, पायरीगणिक थांबून. मग खोकला ऐकू आला. मी खिडकीतून रस्त्यापलीकडं बघितलं. सायकल दुकानाच्या कडेला कुणी नव्हतं.

"या आप्पा, बसा," टीचर म्हणाल्या. "पाणी घ्या. पहिल्यांदाच आलाय न्हवं?"

"व्हय."

"डबा खाली ठेवलाय काय?"

"ठेवलाय. त्यांनी जिन्याखाली सारला."

टीचरनी आम्ही प्रत्येकाला विचारतो तो प्रश्न विचारला. "स्वतःसाठी आलाय, की घरच्या कुणासाठी?"

"पोरासाठी."

"पोरगं कुठं असतंय आता?"

"हितंच. आत बसलेलं असंल."

टीचरना वाटलं, आत कुणीतरी बोलायला बसलं आहे, त्याचा हा बाप. "मग भेटायचं काय त्याला?" त्यांनी विचारलं.

"भेटायचं तर हायच. घरला न्यायचं हाय," आप्पा म्हणाले. "बारा वर्सं झाली. कुठनं सुरवात करायची त्ये काय मला उमगत न्हाय. तुमी शिकीवताय म्हणं."

मी दाराच्या कडीवर हात ठेवून उभा होतो. आमच्याकडं कुणी बोलत असताना मध्ये जायचं नाही, हा नियम मीच केलेला. तो त्या दिवशी मला फार जड गेला.

"सोपं आहे आप्पा," टीचर म्हणाल्या. "का, कधीपासून, काही विचारू नका. फक्त म्हणायचं, जेवलास काय?"

"एवढंच?"

"एवढंच."

 मग खुर्ची सरकली आणि प्लायवूडच्या भिंतीपलीकडून आप्पांनी घोषणा द्यावी तशी पोटातून हाळी दिली.

"जेवलास काय रं?"

"न्हाय आप्पा," मी आतूनच ओरडलो, आणि कडी काढली.

आमचं दळण काकांनी त्या दिवशी रांग मोडून सगळ्यात आधी दळून दिलं. येळ्ळूरच्या बसमध्ये आप्पांना खिडकीची जागा मिळाली, आणि गरम पिठाचा डबा घरापर्यंत माझ्या मांडीवर होता.